डिअरबॉर्नचे रोजेदार लाइनमन

रमजान आला की खेळणाऱ्या मुलांबाबत एक प्रश्न हमखास विचारला जातो. दिवसभर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, मग हा पोरगा मैदानावर टिकणार कसा? शेजारचे हिंदू, ख्रिस्ती मित्र हे काळजीपोटी विचारतात, आणि खरे सांगायचे तर रोजा धरणाऱ्या मुलाच्या आईच्या मनातही तोच प्रश्न असतो. धावपटू आणि क्रिकेटपटूंच्या बाबतीत आपण तो बऱ्याचदा ऐकला आहे. आज जरा लांबच्या मुलुखात जाऊन तो अशा खेळात पाहू, जिथे अंगातल्या ताकदीवाचून काहीच चालत नाही. खेळ आहे अमेरिकन फुटबॉल, आणि खेळाडू आहेत त्यातले सर्वांत धिप्पाड, सर्वांत कमी नावाजलेले लाइनमन. तेही मोठे व्यावसायिक नव्हेत, चौदा ते अठरा वर्षांची शाळकरी मुले.

ओळीत उभा राहणारा

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचे किंवा पुढे फेकायचा. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे जातो.

चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या ओळीत पाच जण वाकून उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि कडेला टॅकल. समोर बचाव करणाऱ्यांची तीन-चार जणांची ओळ. हे सगळे लाइनमन. सेंटरने चेंडू मागे दिला की त्याच क्षणी दोन्ही ओळी एकमेकींवर आदळतात. चार-सहा सेकंदांत तो डाव संपतो. अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुन्हा ओळ लागते, पुन्हा धडक होते. एका सामन्यात हे कित्येक डझन वेळा घडते.

या ओळीच्या मागून चेंडू घेऊन धावणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते. सेंटर सोडला तर चढाईतल्या लाइनमनचा हात चेंडूला बहुधा लागतही नाही. त्याने काम चोख केले तर कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा चुकला आणि मागचा खेळाडू आपटला, तर सगळ्या मैदानाला दिसते. सामन्याच्या आकडेवारीत त्याच्या नावापुढे लिहिण्यासारखे फारसे काही नसते. दुसऱ्याची वाट मोकळी करायची आणि स्वतः गर्दीत राहायचे, हेच त्याचे काम.

ट्रॅक्टर नावाचा संघ

मिशिगन राज्यात डेट्रॉइटला लागून डिअरबॉर्न नावाचे शहर आहे. लोकसंख्या सुमारे १ लाख १० हजार. फोर्ड मोटार कंपनीचे मुख्यालय इथेच. मोटारींच्या कारखान्यांत काम मिळते म्हणून गेल्या शतकभरात लेबनॉन, येमेन, इराक, पॅलेस्टाइन अशा ठिकाणांहून कुटुंबे येत गेली आणि इथलीच झाली. आज अमेरिकेतल्या मुस्लिम वस्तीचे हे एक मोठे केंद्र आहे. रस्त्यावर अरबी पाट्या दिसतात, मशिदी आहेत, आणि शुक्रवारी रात्री, अमेरिकेतल्या कोणत्याही गावासारखीच, शाळेच्या मैदानावर फुटबॉल पाहायला गर्दी जमते.

इथले फोर्डसन हायस्कूल १९२८ साली सुरू झाले. फोर्डसन हे नाव जुन्या ट्रॅक्टरांची माहिती असणाऱ्यांना परके वाटणार नाही. फोर्ड आणि त्याचा मुलगा, म्हणजे ‘फोर्ड अँड सन’, यावरून ट्रॅक्टरचे नाव पडले, तेच शाळेलाही लाभले, आणि शाळेच्या संघाला तर सरळ ‘ट्रॅक्टर्स’ म्हणतात. या संघातली बहुसंख्य मुले अरब वंशाची आणि मुस्लिम. २०११ साली रशीद गाझी या दिग्दर्शकाने ‘फोर्डसन’ याच नावाने या संघावर माहितीपट काढला. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एका महत्त्वाच्या सामन्याची तयारी करणारी मुले त्यात दिसतात. त्यामुळे डिअरबॉर्नची ही गोष्ट शहराबाहेरही पोहोचली.

अडचण अशी होती. अमेरिकेत शालेय फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमधल्या सरावाने सुरू होतो. चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि २००९ ते २०११ या वर्षांत तो नेमका ऑगस्ट-सप्टेंबरच्या हंगामात येऊन ठेपला. मिशिगनमध्ये ऑगस्टचा दिवस मोठा असतो. पहाटे पाचच्या आत सहेरी संपवायची आणि इफ्तार रात्री पावणेनऊच्या आसपास. रोजा जवळजवळ सोळा तासांचा. वर हंगामाच्या सुरुवातीचा सराव म्हणजे दिवसातून दोनदा, भर उन्हात, हेल्मेट आणि पॅड चढवून.

प्रशिक्षक फुआद झबान यांनी २०१० साली त्यावर उपाय काढला. सरावच रात्रीत नेला. इफ्तार झाला, नमाज झाली, की अकराच्या सुमारास मैदानावरचे दिवे लागायचे आणि पहाटे सहेरीची वेळ जवळ येईपर्यंत सराव चालायचा. मुलांना सरावात हवे तेवढे पाणी पिता येई. ऊन नसे. आणि रोजाही राही. संघात जी थोडी मुस्लिमेतर मुले होती तीही याच वेळेला येत, कारण संघ एकच होता.

हा बदल कुणाला धार्मिक सवलत वाटेल. पण त्यामागे एक साधे आणि फार गंभीर कारण आहे, आणि ते लाइनमनच्या देहाशी जोडलेले आहे.

मोठा देह, मोठी उष्णता

स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होते. ती त्वचेवाटे, घामावाटे बाहेर पडते. देह जितका वजनदार तितकी आत तयार होणारी उष्णता जास्त, पण त्वचेचा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. त्यावर हेल्मेट आणि पॅड, म्हणजे घाम सुकायलाच जागा नाही. म्हणून या खेळात उष्माघाताने दगावणाऱ्यांत लाइनमनच जास्त असतात.

कोरी स्ट्रिंगर हा मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा टॅकल. वय २७, वजन दीडशे किलोंच्या घरात. २००१ च्या जुलैअखेरीस सरावात तो कोसळला आणि १ ऑगस्टला उष्माघाताने गेला. रमजानशी त्याचा संबंध नव्हता, पाणी पिण्यावर बंदी नव्हती. तरी एवढा बलदंड माणूस गेला. त्याच्या नावाने पुढे कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था उभी राहिली. खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू कसे टाळता येतील, याचे काम ती करते.

२०१८ साली मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन २९ मे रोजी धावण्याच्या व्यायामात कोसळला आणि १३ जूनला मरण पावला. त्याला थंड पाण्यात बुडवून शरीराचे तापमान तातडीने उतरवायला हवे होते, ते झाले नाही. विद्यापीठाने नंतर आपली जबाबदारी मान्य केली.

या मृत्यूंतून जे शहाणपण आले ते आज नियमांच्या रूपात दिसते. हंगामाच्या सुरुवातीला अंगाला उष्णतेची सवय व्हायला साधारण दोन आठवडे द्यायचे. पहिल्या दिवसांत पूर्ण पॅड चढवायचे नाहीत. पहिल्या पाच दिवसांत दिवसातून एकच सराव. आणि कुणी कोसळलाच, बडबडू लागला, भलतेसलते बोलू लागला, तर आधी थंड पाण्यात बसवायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे. वाट पाहायची नाही. मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याने भरलेले टब त्यासाठीच ठेवतात.

आता फोर्डसनच्या रात्रीच्या दिव्यांकडे पुन्हा पाहा. शंभर किलोंच्या वरचा सोळा वर्षांचा पोरगा सोळा तास पाण्यावाचून भर दुपारी धडका देणार असेल, तर त्याची श्रद्धा कितीही भक्कम असो, शरीराचे गणित बदलत नाही. झबान यांनी मुलांना ‘रोजा सोडा’ असेही सांगितले नाही आणि ‘सहन करा’ असेही नाही. त्यांनी घड्याळ बदलले.

ताकद येते कुठून

रमजान मागे सरकत सरकत आता फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. पुन्हा ऑगस्टमध्ये यायला २०४० च्या पुढचा काळ उजाडेल. म्हणजे आजच्या शाळकरी लाइनमनला रोजा धरून सामना खेळायची वेळ येत नाही. पण त्याचे काम संपलेले नसते. अमेरिकेत फुटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या आसपास संपतो, आणि डिसेंबर ते मे हे महिने व्यायामशाळेचे. लाइनमनची ताकद याच महिन्यांत बांधली जाते. म्हणून आता प्रश्न उन्हाचा कमी आणि वजने उचलण्याचा जास्त आहे.

आपल्या तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याला लगेच कुस्ती देत नाहीत. आधी जोर, बैठका, आखाड्याची माती खोदणे. लाइनमनच्या तयारीतही सुरुवात अशीच असते. कारण धडकेत हात शेवटी लागतो, जोर मात्र पायांच्या तळव्यांतून निघतो. तळवे, मांड्या, कंबर, पाठ आणि मग हात, अशी ती साखळी. यातला एक दुवा कच्चा असला तरी जोर मध्येच गळतो. लाइनमनचे प्रशिक्षक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, की जो खाली राहील तो जिंकेल. समोरच्याच्या छातीखाली खांदा घालून वर रेटणारा हलका मुलगाही ताठ उभ्या राहिलेल्या जड मुलाला मागे ढकलतो. म्हणून गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून बसण्याची सवय ही पहिली पायरी.

त्यासाठी खांद्यावर दांडा घेऊन बैठका, म्हणजे स्क्वॉट. जमिनीवरून वजन उचलणे, म्हणजे डेडलिफ्ट. छातीच्या रेट्यासाठी बेंच प्रेस. वजन झटक्यात जमिनीवरून खांद्यापर्यंत आणायचे पॉवर क्लीन, कारण चार सेकंदांच्या डावात हळू लागणारी ताकद उपयोगाची नाही. दोन्ही हातांत वजने घेऊन चालणे, वजन लादलेली लोखंडी घसरगाडी ढकलणे हे तर धडकेच्या सर्वांत जवळचे व्यायाम. पोटाचे आणि मानेचे व्यायाम वगळायचे नाहीत.

यातल्या प्रत्येक व्यायामाची पद्धत आधी रिकाम्या दांड्यावर, कधी नुसत्या काठीवर शिकायची. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. नवख्याने आठ ते पंधरा वेळा सहज आणि नीट उचलता येईल एवढेच वजन घ्यायचे. ते पूर्ण ताब्यात आले की पाच-दहा टक्क्यांनी वाढवायचे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दंड फुगलेले दिसत नाहीत, पण ताकद वाढलेली असते. मेंदू आणि स्नायू यांचा मेळ आधी बसतो, स्नायू नंतर भरतात. ज्याला हे ठाऊक नसते तो आरशात पाहून निराश होतो आणि घाई करतो.

लहान वयात वजने उचलली तर उंची खुंटते, असे आपल्याकडे आजही घरोघरी सांगितले जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या आपल्या अहवालात ताकदीच्या व्यायामाला वाढत्या मुलांसाठी सुरक्षित आणि हितकारक म्हटले आहे. अट एकच, जाणत्या माणसाची देखरेख आणि बरोबर पद्धत. दुखापती होतात त्या बहुतेक वजन पडल्याने, पद्धत चुकल्याने, किंवा मित्रांपुढे छाती काढून आपल्याला न पेलणारे ओझे उचलल्याने. ‘तू किती उचलतोस’ हा सोळा वर्षांच्या मुलांमधला आवडता प्रश्न आहे, आणि व्यायामशाळेतला सर्वांत धोकादायकही.

रोजातला व्यायाम

मार्चच्या सुरुवातीला डिअरबॉर्नमधला रोजा तेरा तासांच्या आसपास असतो, आपल्याकडच्यासारखाच. ऑगस्टच्या मानाने सोपा. तरी या महिन्यात वजने उचलणाऱ्या मुलाने काही गोष्टी सांभाळायच्या असतात. खेळाडू आणि रोजा यांवर झालेल्या अभ्यासांचे साधारण सार असे, की खाणे, पाणी, झोप आणि व्यायामाचे प्रमाण नीट राखले तर महिनाभरात ताकद फारशी घटत नाही. घटते ती बहुधा झोप मोडल्याने.

पहिली गोष्ट वेळेची. खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज, हलके जेवण, आणि दीड-दोन तासांनी व्यायाम. ही सर्वांत चांगली वेळ, कारण मध्ये पाणी पिता येते आणि नंतर पुन्हा खाता येते. पण त्याच वेळी तरावीहची नमाज असते. ज्याला तरावीह चुकवायची नाही त्याने ती झाल्यावर थोडक्यात व्यायाम उरकावा. किंवा इफ्तारच्या आधीचा पाऊण तास घ्यावा, पण त्यात फक्त हलके काम, म्हणजे पवित्रा, पहिले पाऊल, हातांची जागा, रिकाम्या दांड्यावर पद्धत. घाम निथळेपर्यंत धावणे आणि जड बैठका त्या वेळेला नकोत.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. रमजान हा नवे विक्रम करायचा महिना नाही, आहे ते राखायचा आहे. वजन फार उतरवायची गरज नसते, फेऱ्या कमी करायच्या. चारच्या जागी दोन. आपण जास्तीत जास्त किती उचलू शकतो, याची परीक्षा ईदनंतर घ्यावी. अंगात पाणी कमी असताना शेकडो बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातले द्रव्य मूत्रपिंडावर जाऊन बसते. पाय असह्य दुखणे, सूज आणि काळ्या चहाच्या रंगाची लघवी ही त्याची खूण. ती दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट झोपेची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत जागरण, पहाटे सहेरी आणि सकाळी शाळा, म्हणजे जेमतेम पाच तास हाती लागतात. स्नायू व्यायामात बांधले जात नाहीत, विश्रांतीत बांधले जातात. दुपारी शाळेतून आल्यावर तासभर झोप हा या महिन्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी खुराक.

चौथी गोष्ट ताटाची. इफ्तारला तळलेले पदार्थ आणि गोड सरबत यांवर ताव मारला की पोट भरते, पण स्नायूंना हवे ते मिळत नाही. अरब घरांतले मसुरीचे सूप, हुमूस, कबाब, दही आणि आपल्याकडची डाळ, अंडी, चणे, मासळी, हे सगळे एकाच कामाचे. खेळणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात. ती इफ्तार, रात्रीचे खाणे आणि सहेरी अशी वाटून घ्यावीत. पाणीही एकदम तांब्याभर न ढोसता इफ्तार ते सहेरी थोडे थोडे प्यावे. सहेरी टाळून फक्त पाण्यावर रोजा धरणारा मुलगा धीट दिसतो, पण व्यायामाच्या दृष्टीने त्याने दिवस वाया घालवलेला असतो. डब्यातल्या पावडरींबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये, आणि स्टिरॉइडच्या वाटेला तर जाऊच नये.

वजन म्हणजे ताकद नव्हे

लाइनमनच्या बाबतीत आणखी एक मोह असतो. धिप्पाड दिसायला हवे म्हणून मुले वाटेल ते खाऊन वजन वाढवतात, आणि कधी कधी मोठी माणसेच त्यांना तसे सांगतात. व्यावसायिक लाइनमनचे वजन १४० किलोंच्या आसपास असते, मग मुलालाही तिथे पोहोचायची घाई. २००७ साली आयोवा राज्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक शालेय लाइनमनची मोजमापे तपासली गेली, तेव्हा सुमारे ४५ टक्के मुले अतिवजनाची निघाली. चरबीने वाढलेले वजन धडकेत थोडे उपयोगी पडत असेल, पण गुडघे, हृदय आणि साखर यांचा हिशेब पुढे आयुष्यभर चुकवावा लागतो. क्लीव्हलँडचा नामांकित टॅकल जो थॉमस निवृत्त झाल्यावर वीस-बावीस किलो उतरला. खेळत असताना ते वजन टिकवण्यासाठी त्याला सतत खावे लागे. शाळेतल्या बहुतेक मुलांना पुढे व्यावसायिक खेळायचे नसते. त्यांना कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात काम करायचे असते आणि आपल्या मुलांबरोबर धावायचे असते. त्यांच्या अंगावर कुणी उसने वजन लादू नये.

इथे रमजान उलट एक चांगला धडा देतो. भूक लागली म्हणजे लगेच खायलाच हवे असे नाही, आणि समोर ताट आले म्हणजे संपवायलाच हवे असेही नाही, हे महिनाभर अंगवळणी पडते. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणाऱ्यापेक्षा रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा खरा बलवान, हा विचार पैगंबरांच्या शिकवणीतून प्रत्येक मुस्लिम घरात पोहोचलेला आहे. समोरचा चिडवतो, ढकलतो, तोंडाने टोचतो, आणि तरी डाव संपल्याची शिट्टी झाल्यावर हात उगारायचा नाही, हे ज्या लाइनमनला जमते तोच संघाच्या कामाचा. रागाच्या भरात दिलेला एक धक्का संघाला पंधरा यार्ड मागे नेतो.

थांबण्याची मुभा

सर्वांत अवघड गोष्ट मात्र व्यायामाची नाही, बोलण्याची आहे. सोळा वर्षांच्या मुलाला ‘मला चक्कर येते आहे’ हे सांगायची लाज वाटते. ओळीतल्या सोबत्यांसमोर कमीपणा येईल, प्रशिक्षक जागा दुसऱ्याला देतील. रोजेदार मुलाच्या बाबतीत त्यात आणखी एक भीती मिसळते, की रोजा तुटला तर लोक काय म्हणतील.

मुस्लिमेतर वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, आणि आपल्याही काही घरांत विसर पडतो, म्हणून सांगायला हवे. रोजा वयात न आलेल्या मुलावर बंधनकारक नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे, राहिलेला रोजा नंतर धरता येतो, त्याला कजा म्हणतात. जिवाला धोका असेल तर रोजा सोडणे हे पाप नाही. उष्णतेने कोसळू पाहणाऱ्या मुलाने पाणी प्यावे, हे सांगायला मौलवींची वाट पाहायची गरज नसते.

पण हे मुलाला आधीच सांगितलेले असले पाहिजे, घरी आणि मैदानावरही. कोण रोजा धरतो आहे हे प्रशिक्षकाला माहीत असावे, चारचौघांत मिरवण्यासाठी नाही, लक्ष ठेवण्यासाठी. सरावाआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभे करावे, म्हणजे किती पाणी गेले ते कळते. एखाद्या मुलाच्या रक्तात सिकलसेलचा दोष असेल तर अतिश्रमात तो अचानक कोसळू शकतो, म्हणून अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी त्याच्या तपासणीची पद्धत घातली. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकलसेल घरोघरी ओळखीचा आहे. पोलीस भरतीसाठी धावणारी, कबड्डी आणि कुस्ती खेळणारी मुले तिथेही आहेत. रोजा असो, नवरात्राचा उपवास असो, की नुसती गरिबीतली अर्धी भाकरी असो, रिकाम्या पोटी पोरगा मैदानावर उतरतो तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाला या गोष्टी ठाऊक असाव्यात.

अमेरिकन फुटबॉलच्या वरच्या पातळीवर मुस्लिम लाइनमन पोहोचले आहेत. शाळकरी वयात इस्लाम स्वीकारलेला रायन हॅरिस नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाकडून खेळला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने सुपर बोल जिंकला तेव्हा त्या संघाचा डावा टॅकल होता. ब्रुकलिनमधल्या पॅलेस्टिनी कुटुंबातला ओदे अबूशी २०१३ साली न्यूयॉर्क जेट्सने निवडला आणि पुढे बरीच वर्षे गार्ड म्हणून खेळला. ही दोन नावे सांगितली, पण फोर्डसनच्या ओळीत उभी राहिलेली शेकडो मुले कुणाला माहीत नाहीत. त्यांनी आपले दिवस व्यायामशाळेत घालवले, रमजानच्या रात्री दिव्यांखाली घाम गाळला, आणि शाळा संपल्यावर कामाला लागली.

नमाजात उभ्या राहणाऱ्या रांगेला सफ म्हणतात. तिथे खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, मध्ये फट ठेवायची नाही, आणि शेजारी श्रीमंत की गरीब हे पाहायचे नाही. लाइनमनची ओळ हीदेखील अशीच, फक्त त्यात शेजारी मुस्लिम असतो, ख्रिस्ती असतो, कुणी काहीच न मानणाराही असतो. फट पडली तर तोटा सगळ्यांचा. यंदाच्या रमजानमध्ये आपल्या गल्लीतला एखादा पोरगा इफ्तारनंतर व्यायामशाळेकडे निघालेला दिसला, तर तो किती किलो उचलतो हे विचारू नका. दुपारी झोपलास का, पाणी प्यालास का, आणि तिथे कुणी जाणते माणूस आहे का, एवढे विचारा.